अस्वलाची हाडं का झिजत नाहीत?

काळं अस्वल हिवाळ्यात पाच ते सात महिने गुहेत पडून राहतं. या काळात ते खात नाही, पाणी पीत नाही, लघवी करत नाही. वसंतात बाहेर येतं ते स्वतःच्या पायांनी, आणि वेळ आली तर पळूही शकतं. माणूस याच्या निम्मा काळ जरी अंथरुणाला खिळला तरी त्याच्या मांड्या सुकतात, हाडं ठिसूळ होतात, शिरांत गुठळ्या होण्याची भीती असते. अंतराळ स्थानकावर सहा महिने काढलेल्या माणसालाही, रोज सुमारे दोन तास व्यायाम करूनसुद्धा, परतल्यावर यानातून आधार देऊनच बाहेर काढतात.

अंतराळ संस्थांनी आजवर प्राण्यांना मुख्यतः एकच प्रश्न विचारला: तुझं काय बिघडतं? कुत्रे, माकडं, रॅट (उंदराहून मोठा, वेगळ्या जातीचा प्राणी), उंदीर, मासे यांनी त्याची भरपूर उत्तरं दिली, काहींनी जीव देऊन. हाडं, स्नायू, हृदय, तोल यांचं काय होतं ते आता ढोबळमानाने माहीत आहे. यापुढे प्रश्न बदलायला हवा. निष्क्रिय पडून राहूनही ज्या प्राण्याचं काही बिघडत नाही, त्याचं का बिघडत नाही, हे शोधायला हवं. हे काम जवळपास सगळं जमिनीवर होतं. अंतराळात प्राणी न्यायचेच असतील तर जे जमिनीवर कळूच शकत नाही त्यासाठी न्यावेत. माझ्या मते असा सगळ्यात मोठा प्रश्न आज एकच उरला आहे: चंद्रावरचं एक षष्ठांश किंवा मंगळावरचं ०.३८ गुरुत्व शरीराला पुरतं का?

आधी माणसाची अडचण नेमकी काय ते पाहू. वजनरहित अवस्थेत खुबा, मांडी आणि कण्याच्या खालच्या भागातली हाडं महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का घनता गमावतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या हाडांची वर्षभरात होणारी झीज इथे महिन्यात होते. सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं आणि जाता जाता मुतखड्याचा धोका वाढवतं. यावर आजचा उपाय म्हणजे २००८च्या अखेरीस स्थानकावर पोचवलेलं व्यायामयंत्र. निर्वात सिलिंडरांच्या जोरावर ते सुमारे २७० किलोपर्यंतचा विरोध देतं. या यंत्राने झीज बरीच कमी झाली, पण थांबली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १७ अंतराळवीरांपैकी ९ जणांच्या नडगीच्या हाडाची घनता परतल्यावर वर्ष उलटूनही मूळपदावर आली नव्हती. शिवाय एवढं यंत्र आणि त्याचे हादरे यानाला बसू नयेत म्हणून लागणारी बैठक मंगळाकडे निघालेल्या छोट्या यानात कुठे मावणार, हा प्रश्न आहेच.

दुसरा उपाय औषधाचा. आठवड्याला ७० मिलिग्रॅम अ‍ॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्या अंतराळवीरांची हाडं व्यायामाच्या जोडीने बरीच चांगली टिकली. हे औषध हाडं पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतं. पण हाड ही सतत मोडत-बांधत राहणारी वास्तू आहे आणि मोडणं व बांधणं एकमेकांशी जोडलेलं असतं. मोडणं फार काळ दाबून धरलं की बांधणंही मंदावतं, जुनं हाड बदललं जात नाही. ही औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही रुग्णांत जबड्याचं हाड मृत होणं किंवा मांडीचं हाड विचित्र जागी मोडणं दिसतं ते यामुळेच.

अस्वल हा पेच कसा सोडवतं ते पाहण्याजोगं आहे. शीतनिद्रेत त्याच्या हाडाचं मोडणं आणि बांधणं, दोन्ही एकत्र आणि सारख्याच प्रमाणात मंदावतात. ते महिनोन्महिने लघवी करत नाही, म्हणजे हाडातून सुटलेलं कॅल्शियम शरीराबाहेर जायचा मुख्य रस्ता बंद. तरीही रक्तातलं कॅल्शियम चढत नाही. याचा अर्थ जेवढं सुटतं तेवढं परत हाडात बसतं, तेही पायांवर भार नसताना. हाडावर भार पडल्याशिवाय ते टिकत नाही हा आपल्या वैद्यकाचा पाया आहे, आणि अस्वलाच्या शरीरात त्या नियमाला वळसा घालणारी वाट आहे. ती कोणत्या संप्रेरकांनी आणि कोणत्या पेशीसंदेशांनी आखलेली आहे हे पूर्ण उलगडलं, तर हाडाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी हाताळणारं औषध शोधता येईल.

स्नायूंचंही तसंच. १३० दिवसांच्या शीतनिद्रेत काळ्या अस्वलांनी पायाची ताकद २३ टक्क्यांहून कमी गमावली, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात दिसलं. यामागे दोन गोष्टी असाव्यात. एक, त्यांच्या रक्तातच स्नायूंची मोडतोड थोपवणारं काहीतरी असतं. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये शीतनिद्रेतल्या अस्वलाचं रक्तद्रव प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी स्नायूपेशींना दिलं. त्या पेशींतलं प्रथिन वाढलं, कारण प्रथिन तोडणाऱ्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा दुवा मंदावला होता. उन्हाळ्यातल्या अस्वलाच्या रक्तद्रवाने हे साधलं नाही. तो घटक नेमका कोणता, हे शोधणं हे आता नेटाचं रसायनकाम आहे: रक्तद्रवाचे भाग वेगळे करायचे, एकेक भाग पेशींना देऊन पाहायचा, परिणाम टिकेल तो भाग पुन्हा विभागायचा. त्याला रॉकेट लागत नाही. चिकाटी लागते आणि वर्षातून दोनदा त्याच अस्वलांचं रक्त मिळण्याची सोय लागते.

दुसरी गोष्ट मला जास्त आशादायक वाटते, कारण ती व्यवहाराच्या जवळ आहे. प्रथिनं तुटली की त्यातल्या नायट्रोजनचा युरिया होतो आणि आपण तो लघवीतून टाकून देतो. शीतनिद्रेतलं अस्वल तो टाकत नाही. मूत्राशयात जमलेलं पाणी आणि युरिया पुन्हा रक्तात शोषले जातात, युरिया आतड्यात पोचतो, तिथले सूक्ष्मजीव तो फोडतात आणि सुटलेला नायट्रोजन पुन्हा अमिनो आम्लांत बांधला जातो. तेरा पट्ट्यांच्या बिळातल्या खारींवर २०२२ मध्ये हे नीट दाखवून दिलं गेलं. संशोधकांनी कार्बन आणि नायट्रोजनचे खुणेचे अणू असलेला युरिया खारींना दिला आणि त्याचा माग काढला. तो नायट्रोजन शीतनिद्रेच्या शेवटी शेवटी यकृतात आणि स्नायूंच्या प्रथिनांतही सापडला. प्रतिजैविकं देऊन आतड्यातले सूक्ष्मजीव घटवलेल्या खारींत हा परतावा फारच कमी होता. माणसाच्या आतड्यातही युरिया फोडणारे सूक्ष्मजीव आहेत, फक्त त्यांची ही सेवा आपल्या शरीराला फारशी उपयोगी पडत नाही. ती वाढवता येईल का, हे आहार आणि सूक्ष्मजीवांचे प्रयोग करून अंथरुणावर झोपवून ठेवलेल्या स्वयंसेवकांत तपासता येतं. यशाची शक्यता, सुरक्षितता आणि खर्च यांचा विचार केला तर माझं मत या वाटेला आहे.

रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न अंतराळात उशिरा लक्षात आला. स्थानकावरच्या ११ जणांच्या मानेच्या डाव्या मुख्य शिरेची अल्ट्रासाउंड तपासणी केली तेव्हा ६ जणांत रक्त साचलेलं किंवा उलटं वाहताना दिसलं. एकाच्या शिरेत गुठळीच बसलेली होती, मोहिमेच्या साधारण दोन महिन्यांनी. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या मोजक्याच कुप्या होत्या. त्या पुरवून पुरवून वापरल्या, मग मालवाहू यानाने गोळ्या आल्या. मंगळाच्या वाटेवर मालवाहू यान येणार नाही. अस्वल मात्र महिनोन्महिने हलत नाही आणि त्याला गुठळी होत नाही. २०२३ मध्ये त्याचं एक कारण सापडलं. स्वीडनमध्ये जंगली तपकिरी अस्वलांचं रक्त हिवाळ्यात गुहेत आणि पुन्हा उन्हाळ्यात घेऊन ताडून पाहिलं, तेव्हा हिवाळ्यात प्लेटलेटमधलं (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या कणांतलं) एचएसपी४७ नावाचं प्रथिन जवळपास नाहीसं झालेलं दिसलं. मणक्याला इजा होऊन वर्षानुवर्षं चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसांतही ते कमी आढळलं, आणि त्या माणसांना दीर्घकाळात गुठळ्यांचा धोका अपेक्षेइतका नसतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. अस्वलाने विचारायला लावलेल्या प्रश्नाचं उत्तर असं माणसातच सापडलं. रक्तस्राव न वाढवता गुठळी टाळणारं औषध या वाटेने येऊ शकतं, आणि ते शस्त्रक्रियेनंतर पडून असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या उपयोगाचं असेल.

इथे कोणी म्हणेल, मग माणसालाच शीतनिद्रेत घालून मंगळावर पाठवा. गणित मोह पाडणारं आहे. वेष्टनासह माणशी रोज सुमारे १.८ किलो अन्न धरलं तर चार जणांच्या १८० दिवसांच्या एकतर्फी प्रवासाला जवळपास १,३०० किलो अन्न होतं. अस्वलाचा चयापचय शीतनिद्रेत विश्रांतीच्या पातळीच्या साधारण २५ टक्क्यांवर उतरतो. तेवढं माणसाला साधलं तर रोज ४०० किलोकॅलरीच्या आसपास लागतील, १८० दिवसांना ७२,००० लागतील, म्हणजे निघण्यापूर्वी अंगावर चढवलेली ९-१० किलो चरबी पुरेल. युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०१९च्या अभ्यासात तर यानाचं वस्तुमान तिसऱ्या हिश्शाने घटेल असा अंदाज निघाला, आणि जागं झाल्यावर सावरायला २१ दिवस धरले होते.

पण या गणितात शरीर नाही. बिळातल्या खारींसारखे छोटे प्राणी जवळपास शून्यापर्यंत थंड होतात; आर्क्टिक प्रदेशातल्या खारीचं तापमान उणे २.९ अंश सेल्सियसपर्यंत गेल्याची नोंद आहे. माणसाचं हृदय साधारण २८ अंशांखाली लय सोडून थरथरू लागतं. खारीचं हृदय शून्याजवळही लय धरून राहतं, कारण तिच्या हृदयपेशी थंडीतही कॅल्शियम नीट आत-बाहेर करतात. रुग्णालयात माणसाला ३२ ते ३४ अंशांवर ठेवतात, तेही सहसा एक-दोन दिवस. कारण शरीर कुडकुडून झगडतं, म्हणून गुंगीची औषधं लागतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, फुप्फुसाचा संसर्ग होतो. म्हणजे खारीची नक्कल माणसाला जमणारी नाही. अस्वल मात्र ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहूनच चयापचय चौथ्या हिश्शावर आणतं. वजनही आपल्याच आसपास किंवा जास्त. अनुकरणासाठी मोठा प्राणी हवा तो यासाठी.

आपल्याच कुळातलाही एक प्राणी आहे. मादागास्करचा जाड शेपटीचा बुटका लेमूर हा प्राइमेट, आणि तो वर्षातले सात महिने शीतनिद्रेत असतो, तेही उष्ण कटिबंधात. झाडाच्या ढोलीत त्याचं तापमान बाहेरच्या हवेबरोबर रोज वर-खाली होतं. शीतनिद्रेला थंडी अटळ नाही आणि प्राइमेटच्या शरीराला ती वर्ज्यही नाही, हे यातून दिसतं. या प्राण्यावर अस्वलाइतकंही काम झालेलं नाही याची मला खंत वाटते. मात्र तो दुर्मीळ आहे, म्हणून ते काम रक्ताचे थेंब, केस, विष्ठा आणि श्वासातल्या वायूंच्या मोजणीपुरतंच असावं.

कृत्रिम शीतनिद्रेचे प्रयोग वाचताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: प्राणी कोणता? २०२० मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी चेतवून चयापचय खाली आणता आला. २०२३ मध्ये डोक्यावर अल्ट्रासाउंड लावून, शस्त्रक्रियेविना, उंदरांचं तापमान सुमारे तीन अंशांनी उतरवता आलं. बातम्यांत याला माणसाच्या शीतनिद्रेची पहिली पायरी म्हटलं गेलं. पण उंदीर उपाशी राहिला की मुळातच काही तास असा मंदावतो. त्याच्यात ती कळ आहेच, प्रयोगाने फक्त दाबली. रॅट निसर्गात असं करत नाही, म्हणून रॅटमधल्या निकालाचं वजन जास्त. इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये रॅटच्या मेंदूच्या तळाशी असलेला, शरीर गरम ठेवणारा एक छोटा भाग औषधाने गप्प करून त्याला काही तास त्या अवस्थेत नेलं. ज्या प्राण्यात ही सवय नाही त्याच्यातही यंत्रणा शाबूत असावी, असं यातून वाटतं. पण काही तास आणि सहा महिने यांत फार मोठं अंतर आहे. शिवाय शीतनिद्रेत मेंदूपेशींच्या शाखा आखडतात, चेतासंधी कमी होतात आणि जागं झाल्यावर काही तासांत पुन्हा फुटतात. एका प्रयोगात शीतनिद्रेआधी शिकवलेली कामं खारी विसरल्या, मात्र भावंडांना त्यांनी ओळखलं. यान उतरवायची पद्धत विसरलेला चालक कोणालाच परवडणार नाही. म्हणून झोपेच्या कुपीआधी अस्वलाच्या पेटीतलं एकेक हत्यार हस्तगत करावं: हाडाचं, स्नायूंचं, प्लेटलेटचं. माणूस जागा असतानाही ती कामी येतील.

आता उंदरांकडे. त्यांच्याविषयी अन्याय्य बोलायचं नाही. हाडांची झीज रोखणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन डिसेंबर २००१ मध्ये उंदरांबरोबर अंतराळात गेलं. त्याच संदेशवाटेवर काम करणारं डेनोसुमॅब २०१० मध्ये रुग्णांसाठी मान्य झालं. जुलै २०११च्या शेवटच्या शटलमधल्या उंदरांना, हाड बांधायला आवर घालणाऱ्या स्क्लेरोस्टिन या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड दिलं होतं. त्या प्रकारचं रोमोसोझुमॅब २०१९ मध्ये बाजारात आलं. या मान्यता केवळ उड्डाणांमुळे मिळाल्या नाहीत, पण उड्डाणांनी कठीण कसोटी पुरवली. डिसेंबर २०१९ मध्ये ४० उंदरीण स्थानकावर गेल्या. ३३ दिवसांत साध्या उंदरिणींनी ८ ते १८ टक्के स्नायू गमावले. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिनचं जनुक नसलेल्या, मुळातच दणकट उंदरिणींचे स्नायू टिकले. मायोस्टॅटिन आणि त्याच्या जोडीच्या रेणूला अडवणारं औषध दिलेल्या आठ जणींचे स्नायू आणि हाडं दोन्ही वाढली. हा चांगला प्रयोग, कारण त्यात उपाय तपासला होता, केवळ नुकसान मोजलं नव्हतं.

तरी उंदरांच्या निकालातून माणसापर्यंत जाताना काय चुकतं, हे सांगायलाच हवं. पहिली चूक वयाची. नऊ-दहा आठवड्यांच्या उंदराची हाडं अजून वाढत असतात. जमिनीवरच्या भावंडांपेक्षा त्याचं हाड कमी भरलं तर त्याला झीज म्हणतात, पण ती बऱ्याचदा खुंटलेली वाढ असते. अंतराळवीर चाळिशी-पन्नाशीचा असतो. दुसरं, माणसाच्या घट्ट हाडात जुना भाग पोखरून नवा भरणाऱ्या नळ्यांची जी व्यवस्था असते ती उंदरात जवळजवळ नसते. तिसरं, उंदराचं डोकं आणि हृदय एकाच पातळीवर. माणूस वजनरहित झाला की पायांतलं सुमारे दोन लिटर द्रव छाती-डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, पुढे डोळ्यांतल्या चेतातंतूच्या मुळाशी सूज येते. उंदराच्या बाबतीत मुळात सरकायला अंतरच नाही. चौथं तापमान: प्रयोगशाळेच्या २२ अंशांत उंदीर सतत स्वतःला गरम ठेवण्यात ऊर्जा घालवतो, त्याला सोयीचं तापमान ३०च्या आसपास. त्या थंडीचाही हाडांवर परिणाम होतो.

आणि वागणूक. स्थानकावरच्या पिंजऱ्यात काही दिवस गेले की कोवळे उंदीर भिंतींवरून गोल गोल धावू लागतात, एकामागून एक, जणू शर्यतीच्या धावपट्टीवर. हा ताणाचा परिणाम, खेळ की पायांवर भार आणायची त्यांची स्वतःची युक्ती, यावर वाद आहे. पण धावणारा उंदीर स्वतःवर व्यायामाचा उपचार करत असतो, आणि निष्क्रियतेचा परिणाम मोजायला बसलेल्याचा हिशोब बिघडतो. जमिनीवरच्या नकलेतही खोट आहे. रॅटला शेपटीने कप्पीला टांगून, डोकं ३० अंश खाली ठेवून, मागचे पाय अधांतरी ठेवतात. पहिल्या दिवसांत वजन किती घटलं आणि शेपटीतलं रक्ताभिसरण नीट आहे का हे रोज पाहिलं नाही, तर स्नायू भारमुक्तीने सुकला की उपासमारीने आणि भीतीने, हे सांगता येत नाही.

या सगळ्या गोंधळावर एक उतारा आहे आणि तो जपानच्या अंतराळ संस्थेने दाखवून दिला. २०१६ मध्ये त्यांनी १२ उंदीर ३५ दिवस स्थानकावर ठेवले, प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा. सहा वजनरहित, सहा सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गरगर फिरवून कृत्रिम गुरुत्व देणाऱ्या यंत्रावर, १ जी म्हणजे पृथ्वीएवढ्या गुरुत्वात. उड्डाणाचा हादरा, हवा, किरणोत्सर्ग, खाणं सगळं सारखं, फरक फक्त गुरुत्वाचा. बाराच्या बारा जिवंत परतले. फिरणाऱ्या सहांचे स्नायू आणि हाडं टिकली. पुढे याच यंत्रावर चंद्राएवढं एक षष्ठांश गुरुत्व देऊन पाहिलं. पोटरीतला सोलियस स्नायू आकसला नाही, पण त्यातले सावकाश, न थकता काम करणारे तंतू चपळ, लवकर थकणाऱ्या तंतूंत बदलत राहिले. म्हणजे चंद्राचं गुरुत्व एका गोष्टीला पुरलं, दुसरीला अपुरं पडलं. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला प्राण्यांवरचा हा सर्वांत मोलाचा अंतराळ-निकाल आहे. चंद्रावर माणसं राहिली ती फार तर तीन दिवस, १९७२ पर्यंत. अंशतः गुरुत्वाचा मानवी पुरावा तेवढाच. मंगळावर जाणारे सहा ते नऊ महिने तरंगत जातील, दीड वर्षाच्या आसपास ०.३८ जीमध्ये राहतील, पुन्हा तरंगत येतील. त्या दीड वर्षात त्यांची हाडं सावरतील की झिजतच राहतील, हे कोणत्याही प्राण्यात कोणी पाहिलेलं नाही.

त्या यंत्राला एक मर्यादा आहे, आणि ती भूमितीची आहे. १५ सेंटिमीटर त्रिज्येवर १ जी मिळवायला मिनिटाला सुमारे ७७ फेरे लागतात. उंदराने मागच्या पायांवर उभं राहून डोकं केंद्राकडे ५ सेंटिमीटर नेलं की डोक्यावरचं गुरुत्व दोन तृतीयांशावर येतं. मान वळवली की आतल्या कानात भोवळ. त्रिज्या १.२५ मीटर असेल तर २७ फेरे पुरतात आणि तेच उभं राहणं ४ टक्क्यांचाच फरक पाडतं. असं २.५ मीटर व्यासाचं सेंट्रिफ्यूज असलेलं मोड्यूल स्थानकासाठी ठरलेलं होतं. २००५ मध्ये ते रद्द झालं. स्थानकावरच्या जीवशास्त्राचा याहून मोठा तोटा मला दुसरा दिसत नाही. वीस वर्षं आपण शून्य जीचे आकडे गोळा करत राहिलो आणि जिथे माणूस प्रत्यक्ष राहणार आहे त्या गुरुत्वाचा एकही लांब पल्ल्याचा आलेख आपल्याकडे नाही.

रक्ताभिसरणाबाबत मात्र जमिनीवरच उत्तम शिक्षक आहेत. जिराफाचा रक्तदाब माणसाच्या दुपटीच्या आसपास, पाय लांब, तरीही पाय सुजत नाहीत, कारण पायांवरची कातडी आणि तिच्याखालचं आवरण घट्ट मोज्यासारखं बसलेलं असतं. पिल्लू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं आणि त्याच्या शिरांना एवढा दाब सोसण्याची तयारी करावी लागते. तरंगून परतलेल्या माणसाला उभं राहताना येणारी भोवळ ही याच्या उलट बाजूची गोष्ट. रशियन अंतराळवीर परततेवेळी पायांवर आवळणारा ‘केंतावर’ पोशाख घालतात, त्याचं तत्त्व जिराफाच्या कातडीचंच. सापांचं उदाहरण तर आणखी नेमकं. झाडावर चढणाऱ्या सापाचं हृदय डोक्याजवळ असतं आणि शरीर घट्ट. समुद्रात राहणाऱ्या सापाला पाणी सगळीकडून आधार देतं, म्हणून हृदय शरीराच्या मध्याकडे, कातडी सैल. त्याला हवेत उभं धरलं तर रक्त शेपटीकडे साचतं आणि डोक्याला पुरत नाही. समुद्री साप हा पिढ्यान्पिढ्या वजनरहित जगलेला प्राणी आहे. गुरुत्व काढून घेतलं की रक्ताभिसरण हळूहळू कोणत्या दिशेने ढिलं पडतं हे त्याच्याकडून कळतं. २०२१ मध्ये जिराफाच्या एका जनुकातले बदल उंदरात घातले, तेव्हा उंदरांना रक्तदाब वाढवणारं औषध बाधलं नाही आणि अनपेक्षितपणे हाडंही दाट झाली. असे दुवे शोधायला जिराफाला यानात बसवावं लागत नाही.

टार्डिग्रेड या सूक्ष्म, चिवट प्राण्याविषयी एवढंच म्हणतो: त्याचं कौतुक भरपूर झालं. तो अवकाशाच्या निर्वात पोकळीत टिकतो ते वाळून, जगणं थांबवून. माणसाला जगत, काम करत टिकायचं आहे.

किरणोत्सर्गाच्या प्रयोगांवर माझा आक्षेप वेगळा आहे. मंगळाकडे जाताना ‘क्युरिऑसिटी’ यानावरच्या उपकरणाने रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मात्रा मोजली. ती थेंब थेंब, महिनोन्महिने मिळते. प्रयोगशाळेत तेवढी एकूण मात्रा उंदरांना अनेकदा काही मिनिटांत दिली जाते. मुसळधार आणि रिमझिम यांचं पाणी सारखं असलं तरी मातीवर परिणाम सारखा नसतो. पेशींना मधल्या वेळात दुरुस्ती करता येते. अशा प्रयोगांतून आलेल्या स्मृतिभ्रंशाच्या आकड्यांवर मोहिमेचा निर्णय घेणं चुकीचं, आणि ते आकडे दुर्लक्षून निघणंही चुकीचं. आठवडे-महिने मंद मारा करता येईल अशा सोयींवर खर्च व्हायला हवा. शीतनिद्रेतल्या खारी किरणोत्सर्ग जास्त सोसतात हे जुन्या प्रयोगांपासून ठाऊक आहे, त्याचीही परीक्षा मंद माऱ्यातच व्हावी.

राहिला प्राण्यांच्या जिवाचा प्रश्न. तो शेवटी आला म्हणून दुय्यम नाही. १९६९ मध्ये बॉनी नावाचं माकड ३० दिवसांसाठी कक्षेत पाठवलं. अंगात ठिकठिकाणी नळ्या आणि संवेदक, शरीर आसनाला बांधलेलं. नवव्या दिवशी खाली आणावं लागलं आणि काही तासांत ते मेलं. शरीरातलं पाणी घटलं होतं, पण ते वजनरहित अवस्थेमुळे की बांधून ठेवल्यामुळे, हे वेगळं करता आलं नाही. १९९७च्या जानेवारीत १४ दिवसांनी परतलेल्या मल्टिक या माकडाला दुसऱ्या दिवशी स्नायूंचे नमुने घेण्यासाठी भूल दिली, तो त्यातून वाचला नाही. त्यानंतर नासाने त्या माकडांच्या कार्यक्रमातून अंग काढून घेतलं. अंतराळातून नुकत्याच आलेल्या शरीराला भूल देणं धोक्याचं असतं, हा धडा आज मंगळावरच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांनी विसरू नये. २०१३ मध्ये बिऑन-एम१ या रशियन उपग्रहातल्या ४५ उंदरांपैकी १६ जिवंत परतले. खाणं पुरवणाऱ्या यंत्रात बिघाड झाला, नरांच्या मारामाऱ्या झाल्या. जिथे प्राण्याला सांभाळलं नाही तिथे विज्ञानही हाती लागत नाही. ज्या प्रयोगात प्राणी भुकेने मेला, त्यातला हाडाचा आकडा भुकेचा आहे.

म्हणून प्राणी अंतराळात नेण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला तीन गोष्टी विचाराव्यात. हेच उत्तर अस्वल, लेमूर, जिराफ यांच्या रक्तातून किंवा अंथरुणावरच्या स्वयंसेवकांतून मिळणं अशक्य आहे का? कक्षेतच १ जीवर फिरणारा जोडगट आहे का? आणि प्राणी पूर्ण वाढलेले, नर-मादी दोन्ही, पिंजरा जमिनीवर तेवढेच दिवस चालवून पाहिलेला आहे का? यातल्या एकालाही ‘नाही’ हे उत्तर आलं तर उड्डाण थांबवावं. वाचलेला पैसा दोन ठिकाणी जावा. एक, शीतनिद्रेतल्या मोठ्या प्राण्यांच्या नमुन्यांचा कायमचा, सर्वांना खुला साठा: त्याच प्राण्याचं हिवाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं रक्त, प्लेटलेट, स्नायूचा कण, विष्ठा, उणे ८० अंशांवर. दुसरं, कक्षेत मोठ्या त्रिज्येचं सेंट्रिफ्यूज, ज्यावर उंदीर ०.१६ आणि ०.३८ जीमध्ये तीन महिने, सहा महिने, मग आयुष्यभर राहतील आणि जमल्यास पिल्लंही देतील. चंद्रावर महिनोन्महिने मुक्काम करायची तारीख त्या उंदरांचे पहिले सहा महिने पुरे होण्याआधीची ठरवू नये.